आलेख कोणीकडे सरकतो?

उन्हाळा तापू लागला की इंदापूर तालुक्यात एक बातमी ठरलेली असते : उजनी मायनसमध्ये गेली. भिगवण-पळसदेवच्या बाजूला पाणी डोळ्यांना दिसत असतं, मासेमारांच्या होड्या फिरत असतात, आणि तरी पेपरात ‘उणे २० टक्के’ छापून येतं. शून्यापेक्षा कमी पाणी कसं, असं इथलं शेंबडं पोरही विचारत नाही. मृतसाठा वगळून मोजायचं असतं, हे त्याला घरातच कळलेलं असतं. पण त्याच घरातली मुलगी अकरावी सायन्सला जाते, समोर य = फ(क्ष) − ३ येतं, आणि ‘आलेख कुठे गेला?’ असं विचारलं की ती पाठ केलेला नियम आठवू लागते. आठवला तर उत्तर बरोबर, नाही तर नाणेफेक.

हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे. दहावीपर्यंत तुम्ही बीजगणित मराठीत शिकलात, आता पुस्तक इंग्रजीत आहे आणि फळ्यावर शिफ्ट, स्ट्रेच, रिफ्लेक्शन हे शब्द भराभर पडतायत. त्यांची सहा-आठ नियमांची यादी बहुतेक गाइडांत छापलेली असते : अमुक अधिक तर डावीकडे, अमुक उणे तर खाली. ती यादी फाडून टाका असं मी म्हणणार नाही, पण तिच्यावर विसंबू नका. परीक्षेच्या घाईत यादीतली डावी-उजवी बाजू हमखास उलटते. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लावा : बदल कंसाच्या बाहेर झालाय की कंसाच्या आत? बाहेर असेल तर उंच्या बदलतात, आत असेल तर जागा बदलतात. बाकी सगळं यातूनच निघतं.

पुस्तकात एक्स आणि वाय असतात, इथे मी क्ष आणि य लिहितो. फ(क्ष) म्हणजे क्ष आत घातल्यावर फलनातून जे बाहेर येतं ते.

बाहेरचा बदल : उजनी

उजनीची एकूण साठवण ११७.२३ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असलेलं हे धरण आहे, आणि म्हणूनच ते इतकं खोल उण्यात जाऊ शकतं. समजा, ट या दिवशी धरणात एकूण स(ट) टीएमसी पाणी आहे. पेपरात छापून येणारी टक्केवारी अशी निघते :

टक्केवारी = (स(ट) − ६३.६६) ÷ ५३.५७ × १००

आता दोन आलेख काढा. आडव्या अक्षावर वर्षाचे दिवस. पहिल्या आलेखात उभ्या अक्षावर एकूण टीएमसी, दुसऱ्यात टक्केवारी. ६३.६६ वजा केले की सगळा आलेख तेवढा खाली सरकला. मग ५३.५७ ने भागून १०० ने गुणलं, म्हणजे प्रत्येक उंचीला साधारण १.८७ ने गुणलं. आलेख उभा ताणला गेला. ११७.२३ टीएमसीचे १०० टक्के झाले, ६३.६६ चा शून्य झाला. धरण पूर्ण भरल्यावर १२३ टीएमसीच्या आसपास पाणी गेलं की बातमीत १११ टक्के का येतात, हेही याच सूत्रात घालून बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी जवळजवळ उणे ६० टक्क्यांपर्यंत उतरली होती. उलट हिशेब केलात तर त्या वेळी धरणात साधारण साडेएकतीस टीएमसी पाणी होतं असं निघेल.

यात काय बदललं नाही, ते जास्त महत्त्वाचं. तारखा बदलल्या नाहीत. ज्या दिवशी एकूण साठा सर्वांत कमी होता, त्याच दिवशी टक्केवारीही सर्वांत कमी होती. ज्या दिवशी पाणी वाढायला लागलं, तो दिवस दोन्ही आलेखांत एकच. बाहेरच्या बदलाची हीच खूण आहे. बिंदू आपापल्या उभ्या रेषेवरच वर-खाली होतात, कुणी शेजारच्या दिवसात जात नाही.

क्रमही इथेच समजून घ्या. आधी वजा, मग गुणाकार. कुणी उलटं केलं, आधी १.८७ ने गुणलं आणि नंतर ६३.६६ वजा केले, तर काठोकाठ भरलेली उजनी १५५ टक्के दाखवेल. कंसाबाहेरच्या बदलांचा क्रम म्हणजे तुम्ही य ची किंमत हाताने काढताना जो क्रम पाळाल तोच. वेगळा नियम नाही.

जाता जाता एक सावधगिरी. धरणाची पातळी मीटरमध्येही सांगितली जाते. मीटरवरून टीएमसीचा आलेख मात्र नुसता सरकवून किंवा ताणून मिळत नाही, कारण धरण खाली अरुंद आणि वर पसरट असतं. वरच्या एका मीटरमध्ये खालच्या एका मीटरपेक्षा खूप जास्त पाणी मावतं. तिथे आलेखाचा आकारच बदलतो. प्रत्येक बदल या धड्यातला नसतो.

आतला बदल : उशिरा सुटलेली बस

मुलं अडकतात ती इथे. फ(क्ष − २) चा आलेख उजवीकडे का जातो? वजा आहे, मग डावीकडे का नाही? ‘आत उलटं असतं’ एवढं उत्तर देऊन पुढे जाणारे शिक्षक पुष्कळ आहेत. उत्तर चुकीचं नाही, पण त्याने काही कळत नाही.

बारामती स्टँडवरून सकाळी ८ वाजता इंदापूरची एसटी सुटते असं धरा. काटेवाडी, भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. हिशेबाला सोपं म्हणून एकूण अंतर ५० किलोमीटर, वेळ ९० मिनिटं आणि भवानीनगर १७ किलोमीटरवर धरू. आठ वाजल्यापासून ट मिनिटांनी बस बारामतीपासून किती किलोमीटरवर आहे, ते अ(ट). आता एक दिवस तीच बस अर्धा तास उशिरा सुटली, बाकी चाल तीच. ९ वाजता, म्हणजे ट = ६० असताना, ही उशिराची बस कुठे असेल? वेळेवरची बस साडेआठला जिथे होती तिथे. म्हणजे अ(६० − ३०). कुठल्याही वेळी विचारा, तीस मिनिटं मागे जाऊन वेळेवरच्या बसला विचारावं लागतं. म्हणून उशिराच्या बसचं सूत्र अ(ट − ३०).

आणि तिचा आलेख? प्रत्येक गाव अर्धा तास उशिरा, म्हणजे आलेख उजवीकडे. कंसातलं वजाचं चिन्ह ‘जुन्या आलेखात मागे जाऊन बघ’ असं सांगतं. मागे जाऊन बघावं लागतं, कारण नवा आलेख पुढे गेला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्या एकत्र धरता आल्या की चिन्हाचा घोळ कायमचा संपतो. गावांची अंतरं तशीच राहिली, वेळा बदलल्या. उजनीच्या नेमकं उलट.

ताणण्याचंही तसंच. रस्त्याचं काम चालू आहे आणि बस निम्म्या वेगाने चालली आहे. १८० मिनिटांनी ती इंदापूरला पोहोचेल, जिथे नेहमीची बस ९० मिनिटांतच होती. म्हणजे अ(ट ÷ २). आत २ ने भागलं आणि आलेख आडवा दुप्पट रुंद झाला. अ(२ट) म्हणजे दुप्पट वेगाची बस, ४५ मिनिटांत इंदापूर, आलेख निम्म्या रुंदीत दाबलेला. अशी बस महामंडळाकडे नाही, पण गणितात चालते.

नदीचंही थोडंफार असंच. पावसाळ्यात पेपरात बंडगार्डनचा विसर्ग आणि दौंडचा विसर्ग शेजारी शेजारी छापतात. पुण्यातून सुटलेलं पाणी दौंडला काही तासांनी पोहोचतं, त्यामुळे दौंडचा आलेख उजवीकडे सरकलेला असतो. मात्र वाटेत इतर पाणी मिसळतं आणि लोंढा पसरतो, म्हणून तो हुबेहूब तसाच राहत नाही.

अकरावीच्या पुस्तकात ‘बिंदुपथ आणि सरळ रेषा’ या प्रकरणात आरंभबिंदूच्या स्थलांतराचा छोटा भाग आहे. मुलं तो वेगळा धडा समजून वाचतात. पण तिथलं नवं क्ष = जुनं क्ष − ह आणि इथलं फ(क्ष − ह) ही एकच गोष्ट आहे, फक्त तिथे कागद सरकतो आणि इथे रेघ. दोन्ही प्रकरणं एका बैठकीत वाचा.

उलटा आलेख : परतीची बस

प्रतिबिंबाचे दोन प्रकार आहेत, −फ(क्ष) आणि फ(−क्ष). पहिल्यात आलेख वर-खाली उलटतो, दुसऱ्यात डावा-उजवा. व्याख्या सगळ्यांना येते, फरक अंगी मुरत नाही. तो मुरवायला परतीची बस घ्या.

जाताना बस भवानीनगरला दहा मिनिटं थांबली होती, चहासाठी. म्हणजे अ(ट) च्या आलेखात १७ किलोमीटरच्या उंचीवर एक आडवा तुकडा आहे. आता इंदापूरहून परत येणाऱ्या बसचं बारामतीपासूनचं अंतर काढायचं आहे. वर्गात दोन उत्तरं येतात. एक म्हणतो ५० − अ(ट). दुसरी म्हणते अ(९० − ट). दोन्ही इंदापूरला, म्हणजे ५० वर, सुरू होतात आणि ९० मिनिटांनी बारामतीला, शून्यावर, संपतात. मग दोन्ही सारखेच?

चहाची जागा शोधा. ५० − अ(ट) मध्ये बदल बाहेर आहे, उंच्या बदलल्या. १७ चे ३३ झाले. ही बस अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या मधे कुठेतरी उसाच्या शेताकडेला दहा मिनिटं उभी राहते. अ(९० − ट) मध्ये बदल आत आहे, उंच्या तशाच राहिल्या, वेळा उलट्या झाल्या. ही बस परत भवानीनगरलाच चहा घेते. पहिली बस घड्याळ पाळते, दुसरी गावं पाळते. हा फरक एकदा कागदावर काढून बघितला की पुढे फ(अ − क्ष) दिसल्यावर (इथे अ म्हणजे बसचं अंतर नव्हे, एक ठरलेली संख्या) घाबरायचं कारण राहत नाही.

बारावीत तो दिसतोच. निश्चित समाकलनात शून्यापासून अ पर्यंत फ(क्ष) चं समाकलन आणि फ(अ − क्ष) चं समाकलन समान असतं, हा गुणधर्म बोर्डाच्या परीक्षेत आणि सीईटीत सतत वापरावा लागतो. सिद्धता पाठ करणारे खूप. पण चित्र एवढंच आहे : आलेख अ ÷ २ या उभ्या रेषेभोवती डावा-उजवा उलटला. उंच्या त्याच, रुंदी तीच, मग खालचं क्षेत्रफळ कसं बदलेल?

क्रमाची गंमतही परतीच्या बसमध्ये सापडते. ५० − अ(ट) म्हणजे आधी उलटवा, मग ५० वर उचला. कुणी आधी उचललं आणि मग सगळंच उलटवलं तर −(अ(ट) + ५०) होतं. ही बस उणे ५० वर सुरू होऊन उणे १०० वर संपते. उण्याची दिशा पुण्याकडे धरली, तर ती साधारण जेजुरीहून निघून पुण्याला पोहोचली. इंदापूरचे प्रवासी अजून स्टँडवरच.

सगळं एकत्र आलं की

परीक्षेत साधा फ(क्ष − २) क्वचितच येतो. येतं ते असं : य = ३ − २√(२क्ष + ६). इथे नियम आठवत बसलात तर सहाने डावीकडे न्याल. चूक. तीनाने जायचं आहे.

माझी शिफारस अशी. मूळ आलेखाचे तीन-चार ठळक बिंदू पाठ ठेवा. वर्गमुळासाठी (०, ०), (१, १), (४, २), (९, ३). मग प्रत्येक बिंदूसाठी विचारा : कंसात ही किंमत यायला क्ष किती हवा? २क्ष + ६ = ० साठी क्ष = −३. २क्ष + ६ = १ साठी −२.५. चारसाठी −१, नऊसाठी १.५. आडव्या जागा झाल्या. आता उंच्या : जुन्या उंचीला −२ ने गुणा आणि ३ मिळवा. ०, १, २, ३ चे ३, १, −१, −३ झाले. म्हणजे नवे बिंदू (−३, ३), (−२.५, १), (−१, −१), (१.५, −३). जोडा. आलेख (−३, ३) पासून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतो. डावं-उजवं, ताण-दाब, कशाचंही नाव घ्यावं लागलं नाही.

ही पद्धत कंटाळवाणी वाटेल, पण ती चुकत नाही, आणि सरावाने बिंदू डोक्यातच हलू लागतात. त्रिकोणमितीतही तीच. साइन(२क्ष + π/३) किती सरकला? पर्यायांत π/३ ठेवलेला असतोच, सापळा म्हणून. कंस शून्य कधी होतो ते बघा : क्ष = −π/६. तेवढाच डावीकडे.

दहावीत वर्गसमीकरण सोडवायला पूर्ण वर्ग पद्धत शिकवली होती, आठवते? सूत्र मिळाल्यावर तिला बहुतेकांनी रामराम ठोकला. ती परत काढा. क्ष² − ४क्ष + ३ हे (क्ष − २)² − १ असं लिहिलं की दिसतं, हा साधा क्ष² चा आलेख दोन उजवीकडे, एक खाली नेलेला आहे. शिरोबिंदू (२, −१), मुळं १ आणि ३. आता त्यावर केवलमूल्य लावा : |क्ष² − ४क्ष + ३|. हा बाहेरचा बदल आहे, म्हणून उंच्यांवरच परिणाम. अक्षाखाली गेलेला भाग वर उलटतो आणि मधे १ उंचीची टेकडी तयार होते. ‘|क्ष² − ४क्ष + ३| = १ ला किती उत्तरं?’ हा स्पर्धा परीक्षांतला आवडता प्रकार. आडवी रेघ १ वर काढा. टेकडीच्या माथ्याला एकदा टेकते, दोन्ही बाजूंना एकेकदा छेदते. तीन. रेघ माथ्याच्या खाली पण अक्षाच्या वर असेल तर चार, माथ्याच्या वर असेल तर दोन. समीकरण सोडवायला बसलात तर पान भरेल.

केवलमूल्य आत आलं, म्हणजे फ(|क्ष|), की वेगळंच होतं. उजवी बाजू ठेवायची, डावी पुसायची आणि उजवीचं प्रतिबिंब डावीकडे काढायचं. कारण |क्ष| मुळे कंसात ऋण संख्या जाऊच शकत नाही, डाव्या बाजूचा जुना आलेख विचारलाच जात नाही. |फ(क्ष)| आणि फ(|क्ष|) या दोघांचे आलेख शेजारी शेजारी पाच-सहा फलनांसाठी काढा. यात घातलेला वेळ भरून निघतो.

सराव कसा करावा

आलेखाची वही घ्या आणि सोबत ट्रेसिंग पेपर, शिंप्याकडचा बटर पेपरही चालेल. मूळ आलेख त्यावर गिरवा आणि हाताने सरकवा, उलटा धरा. सरकवणं आणि उलटवणं त्या कागदाने जमतं. ताणणं जमत नाही, कागद ताणता येत नाही म्हणून. कुठल्या बदलांत आकार तोच राहतो आणि कुठल्यांत नाही, हे त्या अडचणीतूनच लक्षात येतं.

मूळ आलेख कोणते हवेत? क्ष, क्ष², क्ष³, |क्ष|, √क्ष, १/क्ष, २ चा क्ष घात, लॉग, साइन, कोसाइन. हे दहा डोळे मिटून काढता आले पाहिजेत, अक्ष कुठे छेदतात आणि कुठे नुसते जवळ जातात यासकट.

जिओजेब्रा आणि देस्मॉस ही दोन्ही साधनं मोबाइलवर फुकट मिळतात. सरकपट्टी फिरवली की आलेख डोळ्यांसमोर हलतो. वापरा, पण आधी कागदावर अंदाज काढून मगच मोबाइल उघडा. नुसतं हलताना बघत राहिलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही. शिक्षकांनाही विनंती आहे, प्रोजेक्टरवर आलेख हलवण्याआधी वर्गाला एक मिनिट अंदाज करू द्या.

उसाच्या दराची रेघ

आता आपल्या भागातला सगळ्यात चांगला सराव. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कुठल्याही कारखान्याचे सभासद तुमच्या घरात असतील. एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार दर हंगामाला जाहीर करतं, आणि तो साखर उताऱ्याशी जोडलेला असतो. हे सरळ सरळ फलन आहे. क्ष म्हणजे उतारा टक्क्यांत, य म्हणजे क्विंटलला रुपये.

२०२१-२२ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला २९० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे असा दर होता. एका पूर्ण टक्क्याला २९ रुपये. म्हणून

य = २९(क्ष − १०) + २९०

२०२२-२३ मध्ये दर ३०५ झाला, पण पायाभूत उतारा १० वरून १०.२५ वर नेला. प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ५ पैसे.

य = ३०.५(क्ष − १०.२५) + ३०५

तीन बदल एकदम झाले. बाहेर २९० चे ३०५ : रेघ १५ वर. चढ २९ चा ३०.५ : रेघ जरा उभी. आणि आत १० चे १०.२५ : रेघ पाव टक्का उजवीकडे. दरवाढीची बातमी १५ रुपयांची होती. पण चढती रेघ उजवीकडे सरकली की प्रत्येक ठिकाणी तिची उंची कमी होते. उतारा १०.२५ टक्केच धरून बघा : जुन्या सूत्राने २९७.२५ मिळत होते, नव्याने ३०५. वाढ ७ रुपये ७५ पैसे, पंधरा नाही. पाया १० वरच ठेवून ३०५ रुपये आणि तोच चढ दिला असता तर रेघ ३०.५क्ष अशी झाली असती. प्रत्यक्षात ती ३०.५क्ष − ७.६२५ आहे. पाव टक्का उजवीकडे सरकणं म्हणजे क्विंटलला साडेसात रुपयांहून जास्त खाली येणं, टनाला ७६ रुपये २५ पैसे. शेतकरी संघटनांनी पायाभूत उताऱ्यावरून वाद घातला तो हा कंसातला बदल होता. सरळ रेघेत आडवं सरकणं आणि उभं सरकणं एकमेकांची जागा घेऊ शकतात, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते. इथे तिची किंमत रुपयांत कळते.

एक बारकावा सोडू नका. ९.५ टक्क्यांच्या खाली दर आणखी उतरत नाही, तिथे आलेख आडवा असतो. पाया सरकला तरी तो कोपरा ९.५ वरच राहिला. म्हणजे सगळा आलेख सरकला नाही, फक्त तिरका तुकडा सरकला. तुकड्यांनी बनलेल्या फलनात प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारावं लागतं.

कारखान्याकडून येणारं बिल टनावर असतं, म्हणून सगळ्या उंच्यांना १० ने गुणा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे आलेख तेवढा खाली. दोन्ही बदल बाहेरचे. वजावट टनामागे असेल तर आधी गुणाकार, मग वजाबाकी. घरात कुणी बिल आणलं असेल तर मागून घ्या आणि आकडे बसवून बघा.

२०२५-२६ साठी जाहीर झालेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये, प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. याची रेघ वरच्या दोन्हींच्या शेजारी एकाच कागदावर काढा, अगदी आजच. ९.५ टक्क्यांच्या कोपऱ्यावर उंची ३२९ रुपये ५ पैसे यायला हवी. आली नाही, तर कंसातलं चिन्ह पुन्हा तपासा.